घाटातली चाळीस मिनिटं

आमच्या मोहल्ल्यात नव्या माणसाला पत्ता सांगायचा असला की लोक आजही सांगतात, "वो बिना इंजनवाले सर हैं ना, उनके बाजू में." आता त्या गाडीत इंजिन आहे. चांगलं दणकट आहे, बालाघाटात दुसऱ्या कुठल्या अँबेसेडरमध्ये तसं नसेल. पण नऊ वर्षं ती पांढरी अँबेसेडर घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये विटांवर उभी होती, बॉनेट उघडं, आत नुसती मोकळी जागा. आणि नाव एकदा पडलं की निघत नाही. सरांना ते नाव माहीत होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं त्यांना काही दिसायचं नाही. "बराबरच म्हणतात," ते म्हणायचे. "इंजिन नाईच हाये, तर लोक काय म्हणतीन?"

असा माणूस होता. होता म्हणालो, पण आहेत अजून, मागच्याच आठवड्यात भेटले. माझ्या तोंडून ते 'होता' आपोआप निघतं, त्याला मी तरी काय करू.

मी त्यांचा आयटीआयमधला विद्यार्थी, ड्राफ्ट्समनच्या ट्रेडचा. पहिल्या दिवशी ते वर्गात आले आणि म्हणाले, "अंदाजे हा शब्द बाहेर चपलांजवळ ठेवून येत जा." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात एक लोखंडी ब्रॅकेट दिलं आणि लांबी विचारली. मी म्हणालो, अंदाजे दोन इंच. सर शांतपणे म्हणाले, "जा, ठेवून ये." मला वाटलं गंमत आहे. पण ते थांबून राहिले, वर्गही थांबला. शेवटी मी उठून दाराबाहेर गेलो, चपलांपाशी उभा राहिलो, परत आलो.

"ठेवला?"

"हौ सर."

"आता मोज."

वर्षभरात आमच्यातला प्रत्येक जण निदान दहा वेळा चपलांपाशी जाऊन आला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी असायची. होटेलात चहा आला की ते पट्टी ग्लासाला बाहेरून लावायचे आणि सांगायचे, "काल सव्वादोन होता, आज दोनच हाये." होटेलवाला चिडायचा नाही, कारण चहा जास्त भरला तरी सर तेही सांगायचे आणि थोडा परत ओतायला लावायचे. लोक त्यांना सनकी म्हणायचे. मीही म्हणत होतो. पण त्यांच्या सनकीपणानं कुणाचं कधी नुकसान झालं नाही. झालं ते त्यांचंच.

एकदा आमच्याच एका मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर मुहूर्त छापला होता, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. सर त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, घेऊन अकराला पाच कमी असताना मंडपात हजर. मंडपात एक माणूस शिडीवर चढून झालर बांधत होता, बाकी कुणी नाही. वरात बस स्टँडपाशी नाचत होती. काकू भरजरी साडी नेसून खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसल्या आणि सरांनी जाऊन शिडी धरली. लग्न लागलं दोन वाजून अठरा मिनिटांनी. जेवण करून निघताना सरांनी मुलीच्या बापाला काही राग न धरता सांगितलं, "तीन घंटे अकरा मिनिटं लेट." तो बिचारा हात जोडून उभा.

दुसरे एक मास्तर सहज बोलून गेले, "या ना सर कधी घरी जेवायला." सरांनी विचारलं, कधी? ते म्हणाले, कधीही या, तुमचंच घर आहे. सर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काकूंना घेऊन गेले. त्या घरात सगळे खिचडी खाऊन उठत होते. काकू मला हे सांगताना हसायच्या, पण त्या दिवशी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोक बोलतात ते सगळं पाळायचं नसतं, अर्धं नुसतं बोलायचं असतं, हे त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं.

गाडी त्यांनी सरकारी लिलावातून घेतली होती. कुण्या साहेबाची जुनी अँबेसेडर, पेट्रोलवाली, सीटवर पांढरे टॉवेल घातलेली. तिचं इंजिन थकलेलं होतं. सपाट रस्त्यावर गोंदियापर्यंत नीट जायची, वारासिवनीलाही नीट जायची, पण चढ आला की तापायची. डिकीत पाण्याच्या दोन कॅन कायम भरलेल्या असत. सर म्हणायचे, "तिची ताकद जेवढी हाये तेवढी हाये. तिले काय दोष द्यायचा?"

त्यांना एकच मुलगी, मीनू. सरांची थट्टा करायची हिंमत जगात तिच्या एकटीत होती. भाजी टाकताना स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, जरासं मीठ म्हणजे किती मिलिमीटर?" आणि हा माणूस, जो कुणाच्या विनोदाला हसत नसे, तो हसायचा. खिशातली पट्टी काढून आत नेऊन द्यायचा.

मीनूला घाटावरच्या उकव्याच्या शाळेत नोकरी लागली. मी त्याच शाळेत बाबू होतो, दोन वर्षांपासून. सर तिला पोचवायला आले, तिच्या खोलीच्या खिडक्यांची मापं घेतली, जाळी बसवून दिली आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, तू इथं हायेस म्हणून पाठवून राह्यलो. लक्ष ठेवजो."

मी म्हणालो, "हौ सर."

आता हे सांगायला मला जड जातं, पण सांगतो, कारण सांगितल्याशिवाय त्या गाडीचा अर्थ लागणार नाही.

मीनूला ताप आला. दोन दिवस रजा टाकून ती खोलीतच पडून राहिली. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "व्हायरल हाये, घरी नोका सांगू, बाबा थर्मामीटर घेऊन येतीन." मी नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई धावत आली, मॅडम बोलत नाही, डोळे फिरवून राह्यली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत चढलेला मलेरिया आहे. त्यांच्याकडं होतं ते त्यांनी केलं. पावणेनऊला ती गेली. मी तिथंच होतो, तिच्या पायाशी उभा.

मग फोन करायचा होता आणि सगळे माझ्याकडं पाहत होते.

आमच्याकडं माणूस गेल्याचा फोन कुणी करत नाही. म्हणजे फोन करतात, पण 'गेली' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. ऐकणारा दूर असतो, त्याला रस्ता कापून यायचं असतं, वाटेत त्यालाच काही व्हायला नको. म्हणून म्हणतात, तब्येत जास्त आहे, लवकर या. ऐकणाऱ्याला समजतं. तोही पुढं काही विचारत नाही. रस्ताभर रडून घेतो आणि पोचेपर्यंत उभं राहण्याइतका होतो. माझ्या आजोबांच्या वेळी माझ्या बापाला असाच फोन आला होता, मामाच्या वेळी मला आला होता. मी लहानपणापासून हेच पाहिलं, आणि हेच केलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावला आणि म्हणालो, "सर, मीनूची तब्येत जास्त आहे. लवकर या."

"किती जास्त?"

आपण कुणाशी बोलतोय हे माझ्या डोक्यात तेव्हाच यायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी म्हणालो, "जास्त आहे सर. गाडी घेऊनच या."

गाडी तिला घरी न्यायला लागणार होती. दवाखान्याची गाडी सकाळीच एक बाळंतीण घेऊन बैहरला गेली होती. सरांनी त्याचा अर्थ लावला की पोरीला खाली मोठ्या दवाखान्यात हलवायचं आहे आणि गाडीसाठी सगळं अडून बसलंय. शेजाऱ्यांनी त्यांची नवी जीप काढली, ड्रायव्हरसकट. सर म्हणाले, नाही, मले माही गाडी घेऊन बोलावलं हाये. आणि काकूंना घेऊन सव्वानऊला अँबेसेडरमध्ये निघाले.

घाटात गाडी तापली. चढाच्या मधोमध, जिथं एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे, तिथं बंद पडली. दोन्ही कॅन ओतून झाल्या. मग सर कॅन घेऊन खाली नाल्यापर्यंत गेले, वर आले, परत गेले. चाळीस मिनिटं. एक बस गेली ती थांबली नाही, दोन ट्रक खनिज घेऊन उलटे येत होते. शेवटी इंजिन थंड झालं आणि ते अकरा वाजून पाच मिनिटांनी उकव्याला पोचले.

मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. सर उतरले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की यांना काहीही समजलेलं नाही. हा माणूस पोरीला न्यायला आला आहे.

इथं मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्यांचा हात धरून म्हणालो, "अर्धा घंटा झाला, सर. तुमचीच वाट पाहत होती." हेही आमच्याकडं म्हणतातच. माणूस शेवटी कुणाची तरी वाट पाहत होता असं म्हटलं की येणाऱ्याला बरं वाटतं, म्हणे.

सर म्हणाले, "किती वाजता?"

आता मागं फिरायला जागा नव्हती. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "साडेदहा."

 त्यांनी फक्त गाडीकडं वळून पाहिलं.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी शेडच्या तुळईला वजन उचलायची चैनकुप्पी टांगली आणि जुनं इंजिन बाहेर काढलं. मी गेलो तेव्हा ते भंगारवाल्याच्या ठेल्यावर चढत होतं. सर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बाबू, ही गाडी घाटात थांबली नसती तर दहा पंचवीसले पोचलो असतो. पाच मिनिटं आधी. ती वाट पाहून राह्यली होती ना?"

मी मान हलवली. आजही ती मान मला मोडून टाकावीशी वाटते.

त्यानंतर नऊ वर्षं मी दर रविवारी उकव्याहून बसनं खाली यायचो आणि त्या शेडमध्ये जाऊन बसायचो. लोकांना वाटे, काय शिष्य आहे. डोंबलाचा शिष्य. मी पाना धरायचो, बॅटरी दाखवायचो, पत्रा कापताना दुसरं टोक दाबून ठेवायचो. दुसरं काय करणार होतो?

नवं इंजिन मलाजखंडहून आलं. एका ठेकेदाराची मोठी डिझेल जीप उलटून मागून चेपली होती, पुढचं सगळं शाबूत होतं. सरांनी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, सगळं एकदम उचललं. ते इंजिन अँबेसेडरच्या जुन्या इंजिनापेक्षा दुप्पट ताकदीचं होतं आणि हातभर लांब. गावातल्या मिस्त्र्यांनी सरळ सांगितलं, "सर, यह नहीं बैठेगा." कुणीतरी म्हणालं, पुढचा पत्रा अंदाजानं कापून पाहू. त्याला सरांनी शेडच्या बाहेर काढलं.

दुसरा कुणी असता तर सहा महिन्यांत ठोकूनठाकून बसवून मोकळा झाला असता. सरांनी आधी पूर्ण गाडीचं ड्रॉइंग काढलं, प्रत्यक्ष मापाचं. घरातल्या बैठकीची एक भिंत त्यानं भरली. मग इंजिनाचं काढलं आणि पारदर्शक कागदावर ते गाडीवर ठेवून ते सहा सहा महिने इकडून तिकडं सरकवत बसले. इंजिनाचं फौंडेशन वारासिवनीच्या एका लेथवाल्याकडून करवून घेतलं. तो राइस मिलचे शाफ्ट वळवणारा माणूस, सरांनी त्याला अकरा वेळा तोच तुकडा परत करायला लावला. अकराव्यांदा तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "भैया, सर को कोई दुख है क्या?" मी म्हणालो, "है." त्यानं मुकाट्यानं बाराव्यांदा केला.

मग वायरिंगचं आलं. नव्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यातून वायरींचा जो गुंता निघतो तो पाहून मी घाबरलो. सरांनी एकेक वायर धरून तिचा रंग, तिची जागा, ती कुठून कुठं जाते, हे कागदावर उतरवलं. त्यात दोन पावसाळे गेले. या काळात ते रिटायर झाले, निरोप समारंभाला हजर राहिले, गळ्यात हार तसाच ठेवून परत येऊन शेडमध्ये बसले. कागदपत्रंसुद्धा त्यांनी रीतसर केली. आरटीओच्या अर्जाला त्यांनी चौतीस ड्रॉइंगं जोडली. तिथला बाबू म्हणाला, इतकं कुणी मागितलेलं नाही. सर म्हणाले, "मागितलं नाई, पण लागीन."

बैठकीच्या दुसऱ्या भिंतीवर आणखी एक कागद होता. तो रस्त्याचा होता. बालाघाट ते उकवा, प्रत्येक वळण, प्रत्येक चढ, किती वेगानं घ्यायचा, किती मिनिटं लागतील. घाटात एक लाल ठिपका होता. खाली फक्त वेळ लिहिलेली होती, दहा तीस. ती वेळ मी दिलेली होती. मी त्या कागदाकडं पाठ करून बसायचो आणि काकू माझ्यासमोर चहा ठेवायच्या.

एका रविवारी सर बॅटरी आणायला बाजारात गेले होते. काकू पोहे निवडत होत्या. मी होतो तिथून उठलो आणि म्हणालो, "काकू, मला काही सांगायचं आहे."

त्या मान वर न करता म्हणाल्या, "मले माहीत हाये."

"काय?"

"तुहा फोन आला तेव्हाच मले समजलं होतं, बाबू. 'जास्त हाये' म्हणलं म्हणजे काय, हे मले नाई समजत का? त्या घाटात मी एका दगडावर बसली आणि रडून घेतलं. ते पाणी आणून राह्यले होते. मले म्हणत होते, रडू नोको, आता चालू होते गाडी." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मी तिले आंघोळ घातली, तेव्हा तिचे हात आखडून गेले होते. अर्ध्या घंट्यात आखडतात का?"

 मी विचारलं, "मग तुम्ही सरांना काहून नाही सांगितलं?"

"सांगणार होती. तेरवीनंतर सांगू म्हणलं. तर ते इंजिन काढाले लागले." काकूंनी पोह्यांवरून हात फिरवला. "बाबू, त्या आधीचे तेरा दिवस त्यांनी अन्नाले हात नाई लावला. इंजिन निघालं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. आता तूच सांग, मी काय बोलू? हे काम सरलं तर सकाळी कशासाठी उठतीन ते? गाडी चालू होऊ दे. मग सांगजो. तूच सांग, तुह्या तोंडून गेलेलं हाये ते."

म्हणजे ठरलं. गाडी चालू झाली की मी सांगायचं. नऊ वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरवायचं, की तुमचा काही दोष नव्हता, तुम्ही विमानानं आला असता तरी ती नव्हती. मी ते वाक्य बसमध्ये मनात घोकायचो. आणि लाज वाटते, पण खरं सांगतो, गाडी चालू होऊ नये असंही मला वाटायचं. एकदा हातातला एक सेन्सर खाली पडला आणि फुटला. मी मुद्दाम पाडला नाही. पण पडल्यावर मला बरं वाटलं. दुसरा मिळायला सात महिने लागले.

गेल्या हिवाळ्यात ती चालू झाली. सरांनी सेल्फ मारला, एकदा नुसतीच घरघर झाली, दुसऱ्यांदा इंजिन लागलं. इतकं गपगार चाललं की मला वाटलं बंद पडलं. बाहेर मोहल्ल्यातली माणसं जमली, कुणीतरी पेढे आणायला धावलं. सर बॉनेटवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर आनंद नव्हता. दुसऱ्या दिवशी घाटात जायचं आहे एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सकाळी काकू दार धरून उभ्या होत्या. सर म्हणाले, "चाल."

"मी नाई येत. मी त्या घाटात एकदा बसून आली." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा."

आम्ही बरोबर सव्वानऊला निघालो.  घाट लागला. मी त्या चढावर बसनं किती वेळा गेलो असेन, बस तिथं कण्हते, मागचे लोक खिडकीबाहेर पाहतात. ही गाडी तो चढ आहे हेच विसरून गेली. काट्यानं जागा सोडली नाही, ना तापमानाच्या, ना कशाच्या. लाल ठिपक्याची जागा आली, तो खडक, ती दरी, आणि रस्त्याच्या कडेला तो दगड. सरांनी पाय उचलला नाही. मला रडू येत होतं, मी खिडकीकडं तोंड केलं.

उकव्याच्या दवाखान्यासमोर सरांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. घड्याळ पाहिलं.

"बेचाळीस मिनिटं," ते म्हणाले. "नऊ सत्तावन्न. ती आणखी तेहतीस मिनिटं होती, बाबू. मी तिचा हात धरून बसलो असतो."

दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. नऊ वर्षं खपून या माणसानं स्वतःचा गुन्हा मिनिटांत मोजून सिद्ध केला होता, आणि त्या हिशेबातला एकच आकडा खोटा होता, तो माझा.

मी सांगितलं. घोकलेलं वाक्य आठवलं नाही, जसं आलं तसं सांगितलं. की ती पावणेनऊला गेली. मी पायाशी उभा होतो. फोन केला तेव्हा ती नव्हती. 'जास्त आहे' म्हणतात, सर, आपल्याकडं असंच म्हणतात. साडेदहा मी तोंडाला आलं ते म्हणालो. तुम्ही घाटात थांबला नसता तरी ती नव्हती. शेजाऱ्याच्या जीपनं आला असता तरी नव्हती. काकूंना माहीत आहे.

 सरांनी विचारलं, "पावणेनऊले?"

"हौ सर."

"मग गाडी घेऊन या काहून म्हणलं?"

"तिला घरी न्यायला, सर."

ते समोर दवाखान्याच्या दाराकडं पाहत राहिले. दारातून एक बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली, औषधाची चिठ्ठी वाचत उभी राहिली, निघून गेली. मला वाटत होतं, आता मारतील मला. मारावं असं वाटत होतं. किंवा रडतील, नऊ वर्षांचं एकदम. मी त्याची तयारी केली होती.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी कधी कुणाला असा हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"तुले तुह्या काकूनं सांगितलं ना, असं बोलाले?"

"नाही सर. खरं सांगतोय."

"असू दे. तुम्ही दोघंही माह्यासाठी करून राह्यले, मले समजते." त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला तो सहन होईना. "त्या दिवशी इथं सगळे रडून राह्यले होते. कोणी म्हणे आत्ताच गेली, कोणी म्हणे देवाची मर्जी. तू एकटा होता, ज्यानं मले टाइम बराबर सांगितला. साडेदहा. तेव्हापासून मी तुले मानतो, बाबू. आता तू नोको खोटं बोलू."